शेपूट नसलेले

नोव्हेंबरचा दुसरा शनिवार. सकाळचे सात.
पॅसिफिक इथून अकरा मैल, पण धुकं त्याचंच.
हॅचरीच्या शीतगृहातले चारशे कोहो सामन
हिल्मा राउतिओच्या पिकअपमध्ये, ताडपत्रीखाली,
एकमेकांना असे चिकटलेले
की पहारीनं सुटे करावे लागतात.

माझं काम कोयत्याचं.
एक घाव, शेपूट बाजूला. पुढचा.
नव्या पोरानं, टोबायसनं, विचारलं,
मेलेल्याला पुन्हा कशाला मारता?
हिल्मा म्हणाली, मागाहून मोजणीवाला येतो
काठाकाठानं, वही घेऊन.
त्याला कळायला हवं ना,
हा आणलेला आहे, आलेला नाही.

आलेले किती?
गेल्या साली या ओढ्यात एकोणीस.
हिल्माचा बाप इथं लाकडाची गिरणी चालवायचा तेव्हा
रात्री झोप लागायची नाही म्हणे,
उथळातून चढणाऱ्या पाठींची ती फटफट,
आणि मग महिनाभर कुजका वास,
चर्चमध्ये, कोटांच्या अस्तरात, पावात.
तिची आई खिडक्या लावून घ्यायची
आणि फिनिशमध्ये शिव्या द्यायची.
कुणाला ठाऊक होतं,
तो वास म्हणजे ओढ्याचं भरलेलं कोठार आहे?

आता पाणी नितळ.
तळाचा दगड न् दगड दिसतो.
पर्यटक फोटो काढतात.
नितळ म्हणजे उपाशी,
हे मला पन्नाशी उलटल्यावर कळलं.
दगडावर बुळबुळ नाही, बुळबुळीवर अळी नाही,
मग बोटाएवढ्या पिल्लानं
वर्षभर काय खाऊन समुद्राची तयारी करायची?
पूर्वी समुद्रच यायचा वर,
त्यांच्या पोटात बसून डोंगर चढायचा, दरसाल, फुकट,
अस्वलाच्या जबड्यातून
हेमलॉकच्या मुळाशी जाऊन झोपायचा.
आपण मधेच डबे भरले.

टोबायस भिरकावतो. मासा हवेत गिरकी घेतो,
धप्प.
पहिल्या दहांना हसला. मग हसला नाही.
हिल्मा फेकत नाही.
सत्तरीची बाई, गुडघाभर पाण्यात उतरते,
पडलेल्या ओंडक्याच्या बेचक्यात एकेक नीट ठेवते,
ओढ्याची ओटी भरावी तशी.
पुरात वाहून जाऊ नयेत म्हणून, ती म्हणते.
तेवढंच म्हणते.

दुपारी मत्स्यखात्याची प्रुइट आली, आकडे घेऊन.
पिल्लं थोडी जाड झालीत.
परतणाऱ्यांचा आकडा मात्र हलत नाही.
समुद्र तापलाय. रस्त्याखालचे पाइप उंचावर बसवलेत,
उडी पोचत नाही.
म्हणजे बंद करायचं? हिल्मानं विचारलं.
प्रुइट बराच वेळ पाण्याकडे बघत राहिली.
मग तिनं गाडीतून हातमोजे काढले.

तिसऱ्या वळणाच्या वर, खडीच्या पट्ट्यावर
एक मादी पडलेली होती.
आमची नव्हे.
शेपूट होतं,
खडी उकरून उकरून झिजलेलं,
कडा पांढऱ्या, हाड दिसेपर्यंत.
डोळा कावळ्यानं नेलेला.
खाली, ओंजळभर खोल,
तिनं झाकलेलं काहीतरी असणार.
माझ्या हातात कोयता होता.
का कोण जाणे, मी तो पाठीमागे लपवला.
टोबायस तिला उचलायला वाकला,
तशी हिल्मा म्हणाली, राहू दे.
ही मोजायची आहे.

आम्ही चौघं वळसा घालून गेलो,
कुणी निजलंय अशा खोलीतून जावं तसे.

सोमवारी शाळेच्या बसमध्ये
पोरं नाकं धरून ओरडली,
मिस्टर ऑडेल, काहीतरी मेलंय!
हो, म्हटलं.
खिडकी उघडा ना!
थंडी आहे, म्हटलं,
आणि ओढ्यावरच्या पुलापाशी
गाडी जरा हळू घेतली.